मांजर बसलं तरी बेल वाजते!

प्रश्न : आई ८१ वर्षांची आहे. रात्री ती उठली की कळावं म्हणून पलंगाशेजारच्या पायपुसण्याखाली अ‍ॅल्युमिनियम फॉइलचे दोन थर आणि मध्ये भोकं पाडलेला फोम असा स्विच केला. मांजर बसलं तरी बेल वाजते, आणि महिनाभरात फॉइल चुरगळून ती वाजतच राहिली. नंतर जुन्या बझरमधली पितळी चकती लावली, तर आई उभी असतानाही बेल क्षणभरच वाजते. काय चुकलं? (एक वाचक, वाई)

उत्तर : चकतीचं काही चुकलं नाही. ती पिएझो आहे, वाकताना आणि सुटताना तेवढं व्होल्टेज देते. पाय नुसता ठेवलेला तिला कळत नाही. आणि फॉइलला वजनातला फरक कळत नाही. टेकलं की झालं.

तुम्हाला हवाय काळा फोम. आयसींचे (चिपांचे) पाय ज्यात खुपसून ठेवतात तो. त्यात कार्बन असतो, दाबला की रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, उतरतो. पुण्यात पासोड्या विठोबाच्या देवळापाशी कुठल्याही पार्टवाल्याकडे मागून बघा, बहुतेक जण टाकूनच देतात. गुलाबी फोम घेऊ नका, तो इथे चालत नाही. दाबल्यावर भुगा होणारा जुना काळाही नको. असल्या फोममध्ये वर्षानुवर्षं राहून पाय हिरवे पडलेले आयसी मी पुष्कळ पाहिलेत.

फॉइलऐवजी तेलाच्या डब्याचा पत्रा घ्या. त्याला सोल्डर झकास धरतं, अ‍ॅल्युमिनियमला धरत नाही. रंग असेल तर घासा, कडा दुमडून टेप लावा. दोन पत्र्यांमध्ये फाशावरच्या पाचासारखे फोमचे पाच तुकडे. माझ्याकडचा जोड मोकळा असताना ४० किलोओहम दाखवतो, उभं राहिलं की २ च्या खाली. तुमचा वेगळा निघेल, आधी मल्टिमीटर लावा.

एक पत्रा प्लसला. दुसऱ्यापासून १० किलोओहमचा रेझिस्टर मायनसला, आणि त्याच दुसऱ्या पत्र्यावरून एक वायर एलएम३५८ च्या (दोन व्होल्टेजची तुलना करायला वापरलेला आयसी) ३ नंबर पायाला. २ नंबरला १० किलोओहमच्या प्रीसेटची (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) मधली टांग, कडेच्या दोन टांगा प्लस आणि मायनसला. ८ ला प्लस, ४ ला मायनस. १ नंबरवरून १० किलोओहममधून बीसी५४७ ट्रान्झिस्टरच्या बेसला, एमिटर मायनसला, कलेक्टर आणि प्लसच्या मध्ये बझर. १ आणि ३ मध्ये २२० किलोओहम टाका, नाहीतर फोम सावकाश फुगतो तेव्हा बझर तडतडतो. एलएम३५८ भंगारातल्या चार्जर-इन्व्हर्टरच्या बोर्डावर हमखास सापडतो.

तीन पेन्सिल सेल लावा, दीड-दोन महिने जातात. घरातल्या २३० व्होल्टची वायर या पायपुसण्याच्या आसपासही नको. फरशी पुसताना पाणी जातंच. सगळं प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि खाली रबर चिकटवा, आई घसरायला नको.

आता मांजराला वर बसवा आणि बझर बंद होईपर्यंत प्रीसेट फिरवा. मग आईंना एकच पाय टेकवायला सांगा, वाजायला हवा. मांजर ऐनवेळी बसणार नाहीच, तेव्हा चार किलो तांदळाची पिशवी ठेवा.