रिपोर्ट नॉर्मल आहेत, तरी अंग दुखते

प्रश्न : माझे वय ४१ असून मी चोपडा तालुक्यातील एका गावात राहते. तीन वर्षांपासून माझी मान, खांदे, कंबर आणि मांड्या दुखतात. रात्रभर झोपले तरी सकाळी अंग ठेचून काढल्यासारखे वाटते आणि कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारनंतर हात वर होत नाही. गावातल्या डॉक्टरांच्या इंजेक्शनाने दोन दिवस बरे वाटते, मग पुन्हा तेच. तालुक्याला एक्स-रे आणि रक्ततपासणी केली, सगळे नॉर्मल निघाले. तेव्हा तेथील डॉक्टर सासूबाईंसमोरच म्हणाले, "यांना काही झालेले नाही, मनाचे खेळ आहेत." तेव्हापासून घरात मला कामचुकार समजतात. जेठाणी भगताकडे चला म्हणतात. यजमान समजूतदार आहेत, पण खर्चाला कंटाळले आहेत. जळगावला दाखवावेसे वाटते, पण तिथेही तेच ऐकावे लागले तर घरात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. जावे की सहन करावे?

उत्तर : ताई, तुम्ही अवश्य जावे, आणि वेचणी संपण्याची वाट न पाहता जावे.

तुमच्या दुखण्याविषयी घरात जो संशय निर्माण झाला आहे, तो 'नॉर्मल' या एका शब्दावर उभा आहे, म्हणून आधी त्याबद्दल सांगते. एक्स-रेमध्ये हाडे दिसतात, रक्ततपासणीत रक्त कमी असणे, सूज, थायरॉइडचा बिघाड अशा गोष्टी कळतात, पण वेदना मोजणारे यंत्र अद्याप कोठेही नाही. तुमचे रिपोर्ट एवढेच सांगतात की, जे आजार शोधले ते सापडले नाहीत. वेदनेच्या अभ्यासासाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा शरीराला दिसण्याजोगी इजा नसतानाही वेदना असू शकते हे कायम ठेवून, रुग्ण आपल्या वेदनेविषयी जे सांगतो त्याचा मान राखला पाहिजे, असेही त्यासोबत नमूद केले. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या आणि दुसऱ्या आजाराने उलगडा न होणाऱ्या वेदनेला जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत, म्हणजे २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत, स्वतंत्र स्थान आहे.

अशा दुखण्यात पुष्कळदा स्नायू किंवा हाडे बिघडलेली नसतात, तर मज्जारज्जू आणि मेंदू येथे वेदनेचे संदेश हाताळणारी यंत्रणा अतिसंवेदनशील झालेली असते, आणि म्हणून साध्या श्रमाचा संदेशही तिथे तीव्र वेदना म्हणून पोहोचतो. शरीराच्या दोन्ही बाजूंना, कमरेच्या वर आणि खाली असे दुखणे व झोपेनंतरही थकवा, हे तुमचे वर्णन फायब्रोमायल्जिया या आजाराशी जुळते. १९९० च्या निकषांनुसार शरीरावरचे १८ बिंदू दाबून त्याचे निदान करत. २०१० पासून दुखणाऱ्या भागांचा विस्तार, झोप आणि थकवा यांवर भर आला. मात्र पत्रावरून निदान करणे योग्य नाही. हिमोग्लोबिन, थायरॉइड, ड जीवनसत्त्व आणि संधिवाताच्या तपासण्या झाल्या आहेत का, हे डॉक्टरांना पाहू द्या. आपल्या सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही विसरून चालत नाही. कुटुंबात कोणाला वारंवार तीव्र वेदना किंवा पंडुरोग होत असेल तर तेही सांगा. ताप, घटते वजन, सांध्यांना सूज, हातापायांत वाढती अशक्तता किंवा लघवीवरचा ताबा सुटणे, यांपैकी काहीही असेल तर एक दिवसही थांबू नका.

गावातली इंजेक्शने मात्र थांबवायला हवीत, कारण वेदनाशामके वारंवार घेतल्याने जठराला व्रण होतात आणि मूत्रपिंडांना इजा पोहोचते. त्यांत स्टिरॉइड असेल आणि ते बरेच दिवस चालू असेल, तर एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते. तेव्हा काय दिले जाते ते विचारून लिहून घ्या, गोळ्यांची पाकिटे सांभाळून ठेवा आणि नव्या डॉक्टरांना दाखवा.

जळगाव आणि धुळे या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत आणि तेथे खर्चही कमी येतो. आधी मेडिसिन विभागाच्या ओपीडीत जा. सोबत यजमानांना किंवा माहेरच्या माणसाला न्या आणि डॉक्टरांना सुरुवातीलाच सांगा, "मला काही गोष्टी एकट्याने सांगायच्या आहेत." तुमची माहिती गुप्त ठेवणे हे त्यांचे कर्तव्य आहे. दुखणे केव्हा वाढते, झोप कशी आहे, पाळीत काय होते, कोणत्या कामाला हात चालत नाही, हे एका कागदावर लिहून न्या. शुद्ध मराठीची चिंता करू नका, 'आंग ठणकस' असे अहिराणीत सांगितले तरी चालेल. आणि ज्या भीतीने तुम्ही थांबला आहात ती बोलून दाखवा : "रिपोर्ट नॉर्मल आहेत हे मला ठाऊक आहे, पण दुखते हे खरे आहे. पुढे काय करता येईल?" एवढे ऐकूनही कोणी झिडकारले, तर उणीव त्या डॉक्टरांची समजावी आणि दुसऱ्यांकडे जावे. जुन्या तपासण्यांच्या प्रती मागून घ्या. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागणी केल्यास ७२ तासांत कागदपत्रे द्यावी लागतात.

मनाचा विषय निघाला तर घाबरू नका. चिंता, अपुरी झोप आणि घरातले टोमणे यांनी वेदना वाढते, ती खोटी ठरत नाही. कदाचित अॅमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलोक्सेटिन लिहून दिले जाईल आणि मेडिकलवाला म्हणेल, "ही तर डिप्रेशनची गोळी आहे." तेवढ्यावरून ती टाकून देऊ नका, कारण हीच औषधे वेदनेचे संदेश शमवण्यासाठीही दिली जातात. जगणेच नकोसे वाटण्यापर्यंत वेळ आली, तर टेलिमानस या शासनाच्या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येते.

जेठाणींशी वाद घालण्याची गरज नाही, त्यांना आधी दवाखाना करू, एवढेच सांगा. यजमानांना मात्र हे उत्तर वाचायला द्या. दोन दिवसांच्या आरामासाठी तीन वर्षे इंजेक्शनांवर जो पैसा गेला, तो त्यांनी एकदा मोजून पाहावा. संपूर्ण विश्रांतीने हे दुखणे बरे होत नाही. रोज थोडे चालणे, ते हळूहळू वाढवणे आणि वेचणीत मधूनमधून थांबणे, याचा गुण येतो, आणि त्यासाठी घरच्यांनी तुमच्या वाट्याचे थोडे काम उचलावे लागेल. औषधांचा परिणाम दिसायलाही काही आठवडे जातात आणि मात्रा बदलावी लागते, म्हणून पहिल्या भेटीत ओपीडीतून निघण्यापूर्वी पुढची तारीख केसपेपरवर लिहून घ्या.