व्हिडिओ कळतो, गणित का सुटत नाही?

प्रश्न: ताई, मी फर्स्ट इयरला आहे, फिजिक्स पक्कं व्हावं म्हणून एक फ्री ऑनलाइन कोर्स लावलाय. सर भारी शिकवतात, ऐकताना सगळं पटापट कळतं, मी तर दीडपट स्पीडने बघते, पण खालची गणितं उघडली की पहिली ओळच सुचत नाही. याआधीचे दोन कोर्सपण अर्धवट राहिलेत. मला सायन्स झेपतच नाहीये का?

उत्तर: अगं, झेपतंय की, फक्त सर जरा जास्तच छान शिकवतायत! थट्टा नाही करत. हार्वर्डमध्ये फिजिक्सच्या वर्गांवर केलेला एक अभ्यास २०१९ मध्ये आला, त्यात सफाईदार लेक्चर ऐकल्यावर मुलांना वाटायचं की आज खूप शिकलो, पण टेस्टमध्ये जास्त मार्क पडले ते ज्या तासाला स्वतः गणिताशी झटापट करावी लागली त्याचे, आणि त्या तासाला मात्र वाटायचं की छे, काहीच नाही कळलं.

म्हणून क्रम उलटा कर. आधी गणित वाच, आकृती काढ, चुकीचं का होईना उत्तर लिही, मग व्हिडिओ लाव (आणि डेरिव्हेशन चालू असताना तरी स्पीड नॉर्मल ठेव बाई). आत्ता सांग, सरळ वर फेकलेला चेंडू अगदी टोकाला पोचतो तेव्हा त्याचं अ‍ॅक्सिलरेशन किती? बरीच मुलं शून्य म्हणतात, कारण वेग शून्य असतो ना, पण अ‍ॅक्सिलरेशन तिथंही ९.८ मीटर प्रति सेकंद वर्गच, गुरुत्वाकर्षणामुळे खालच्या दिशेने. एकदा शून्य लिहून फसलीस की पुढं विसरणार नाहीस, नुसतं ऐकलेलं मात्र आठवड्यात उडून जातं.

प्रयोगांसाठी कोलोरॅडो युनिव्हर्सिटीची फेट (PhET) सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवर करायचे प्रयोग, फुकट आहेत, पण स्लायडर हलवायच्या आधी काय होईल ते वहीत लिही, नाहीतर तो नुसता गेम होतो. आणि खऱ्या लॅबमधली लूज वायर तिथं भेटत नाही, ते वेगळंच शिकावं लागतं.

अर्धवट कोर्सचं मनाला लावून घेऊ नकोस. २०१२ मध्ये एमआयटीच्या सर्किट्सच्या पहिल्या ऑनलाइन कोर्सला जवळपास १ लाख ५५ हजार लोकांनी नावं घातली, पास झाले ७ हजारांच्या आसपास. काहींना दोनच चॅप्टर हवे असतात, ते घेऊन जातात, त्यात काय बिघडलं?

हां, कोर्सच्या डिस्कशनमध्ये विचारताना नुसतं ‘कळलं नाही’ लिहू नकोस, अर्धवट सोडवलेल्या गणिताचा फोटो टाक आणि कुठल्या ओळीला अडलंय ते सांग, म्हणजे उत्तर देणाऱ्यालाही सोपं जातं.