९ व्होल्टच्या बॅटरीने घरीच डोक्याला करंट देऊन अभ्यासातली बुद्धी वाढते का?

नाही, आणि घरी करूच नका. या पद्धतीला टीडीसीएस म्हणतात. प्रयोगशाळेत ओल्या स्पंजमधून १-२ मिलीअँपियर करंट सोडतात, तरी निरोगी माणसांत दिसणारा फायदा किरकोळ आणि बेभरवशाचा. ऑक्सफर्डच्या २०१३ मधल्या प्रयोगात मेंदूच्या एका भागाला करंट दिल्यावर नवी अंकचिन्हं शिकणं सुधारलं, पण शिकलेलं सहज वापरणं बिघडलं. दुसऱ्या भागाला दिल्यावर नेमकं उलट. यूट्यूबवाले हे सांगत नाहीत! एक कमावताना दुसरं गमवाल, असा इशारा संशोधकांनी २०१६ मध्ये घरगुती प्रयोग करणाऱ्यांना खुल्या पत्रातून दिला होता. शिवाय जुगाडू सर्किटने कातडी भाजते. नैराश्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली हेच तंत्र वापरतात, ती गोष्ट वेगळी.