आधी आकडी की आधी पाणी? अपघात विम्याच्या दाव्यांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे यजमान गेल्या श्रावणात विहिरीवरची मोटर चालू करायला गेले, ते परत आलेच नाहीत. दोन तासांनी ते पाण्यात सापडले. शवविच्छेदन अहवालात बुडून मृत्यू झाल्याचे नमूद आहे. बँक खात्यासोबत काढलेली त्यांची दहा लाख रुपयांची वैयक्तिक अपघात पॉलिसी होती आणि नॉमिनी म्हणून माझे नाव आहे. कंपनीने मात्र दवाखान्याचा दोन वर्षांपूर्वीचा एक केसपेपर मिळवला. त्यात त्यांना फिट येत असल्याचा उल्लेख आहे. त्यावरून ‘मृत्यू आजारामुळे ओढवला, अपघाताने नव्हे’ असे कळवून दावा नामंजूर केला. आता काही करता येईल का?
— एक वाचक भगिनी, निफाड तालुका

उत्तर : आपण पाठवलेली कागदपत्रे मी दोनदा वाचली. कंपनीचे पत्र जेमतेम चार ओळींचे आहे, आणि त्या चार ओळींत दोन निरनिराळे प्रश्न एकत्र कालवले आहेत. मृत्यू कशाने झाला हा एक प्रश्न आणि माणूस पाण्यात कशामुळे पडला हा दुसरा. अपघात पॉलिसीचा अर्थ लावताना आधी पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे असते, आणि ते उत्तर आपल्या हातात आहे.

बहुतेक अपघात पॉलिसींमध्ये ‘अपघात’ म्हणजे बाह्य, हिंसक व दृश्य कारणाने अचानक, अनपेक्षितपणे आणि इच्छेविरुद्ध घडलेली घटना, अशी व्याख्या असते. यातला ‘हिंसक’ हा शब्द वाचून अनेकांचा गोंधळ होतो. तिथे मारामारी अभिप्रेत नाही. नाकातोंडात शिरून श्वास कोंडणारे पाणी हेही बाहेरून आलेले बळच आहे, आणि ही गोष्ट विम्याच्या कायद्यात दीडशेहून अधिक वर्षे मान्य आहे. आपल्या प्रसंगाशी जवळजवळ जुळणारा निवाडा १८८० सालचा, इंग्लंडमधला आहे. ओढा ओलांडताना विमाधारकाला अपस्माराचा झटका आला, तो पाण्यात पडला आणि बुडाला. त्याच्या पॉलिसीत नैसर्गिक आजारातून उद्भवणारी इजा वगळणारे कलम होते, तरीही मृत्यू बुडण्याने झाला, झटक्याने नव्हे, असे ठरवून न्यायालयाने रक्कम देवविली. हे विन्सपिअर प्रकरण. पुढच्याच वर्षी लॉरेन्स प्रकरणात फलाटावर झटका येऊन रुळांवर पडलेल्या आणि इंजिनाखाली सापडलेल्या माणसाच्या बाबतीत हाच विचार कायम राहिला. हे निवाडे आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाहीत, पण त्यांतला तर्क आजही पुढे ठेवण्याजोगा आहे.

कंपनीचे वकील बहुधा २०१९ सालचा अलका शुक्ला प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवतील, म्हणून त्याची ओळख आपल्याला आधीच असावी. त्या प्रकरणात मोटारसायकल चालवताना विमाधारकाच्या छातीत आणि खांद्यात दुखू लागले व तो खाली पडला. मृत्यू हृदयविकाराने झाला. पडल्यामुळे शरीराला इजा झाली आणि त्या इजेने जीव गेला हे सिद्ध झाले नाही, म्हणून दावा फेटाळला गेला. त्या निकालात आणि आपल्या प्रकरणात फरक कोणता, हे नेमके सांगता आले पाहिजे. तिथे मोटारसायकल बाजूला काढली तरी हृदयविकार उरतोच. इथे विहीर बाजूला काढली, तर मृत्यूचे कारणच उरत नाही. आकडी घरच्या ओसरीवर आली असती, तर काही मिनिटांनी ते उठून बसण्याचीच शक्यता अधिक होती.

आता शवविच्छेदन अहवालाचे दुसरे पान पाहा. नाकातोंडाशी बारीक पांढरा फेस, फुगलेली फुफ्फुसे, जठरात गढूळ पाणी आणि उजव्या मुठीत शेवाळ, अशी नोंद डॉक्टरांनी केली आहे. फेस आणि फुफ्फुसांची ती अवस्था सांगते की पाण्यात पडले तेव्हा श्वास चालू होता. मूठ सांगते की हाताने काहीतरी धरायचा प्रयत्न केला होता. घटनास्थळाच्या पंचनाम्यात स्टार्टरच्या पेटीपाशी एक चप्पल, दुसरी पाण्यावर तरंगणारी आणि काठावर घसरल्याची ताजी खूण असल्याचे लिहिले आहे. या चार-पाच ओळींची किंमत दवाखान्याच्या जुन्या केसपेपरपेक्षा कितीतरी अधिक आहे. त्या दिवशी पंचनामा लिहिणाऱ्या हवालदारांनी कंटाळा केला नाही, याबद्दल मला त्यांचे मनापासून आभार मानावेसे वाटतात. अशी नोंद मी फार थोड्या प्रकरणांत पाहिली आहे.

दुसरा प्रश्न, म्हणजे पाण्यात पडण्याचे कारण. तिथे प्रत्यक्षदर्शी कोणीही नाही. घटना अपघाताच्या व्याख्येत बसते हे आपण दाखवायचे असते. पण एखादे अपवादाचे कलम लागू होते असे कंपनीला म्हणायचे असेल, तर ते सिद्ध करण्याचा भार कंपनीवर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितले आहे. दोन वर्षांपूर्वी कधीतरी फिट आली होती, एवढ्यावरून त्या सकाळी विहिरीच्या काठावर फिट आलीच होती, हे सिद्ध होत नाही. एका गोष्टीची मात्र आपण स्वतः खात्री करून घ्यावी. आपण पॉलिसीची मूळ प्रत पाठवलेली नाही. तिच्यातील अपवादाच्या कलमात ‘आजारामुळे’ एवढेच आहे की ‘आजारामुळे प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे’ असे आहे, ते पाहावे. ‘अप्रत्यक्षपणे’ हा शब्द असेल तर विन्सपिअर प्रकरणाचा आधार काहीसा पातळ होतो आणि सगळी भिस्त पुराव्याच्या भारावर ठेवावी लागते. कलमाचे दोन अर्थ सरळपणे निघत असतील, तर ज्याने ते लिहिले त्याच्या विरुद्ध जाणारा अर्थ घ्यायचा, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली पुष्पालय प्रिंटर्स प्रकरणात लावले आहे. मात्र शब्द स्पष्ट असतील तर ते तत्त्व मदतीला येत नाही, कारण न्यायालय पक्षकारांसाठी नवा करार लिहून देत नाही.

प्रस्ताव अर्जात आजार लपवला, असा आक्षेप कंपनीच्या पत्रात नाही. नामंजुरीच्या पत्रात न दिलेले कारण कंपनीला पुढे न्यायासनासमोर नव्याने काढता येत नाही, असे २०१९ च्या सौराष्ट्र केमिकल्स प्रकरणात ठरले आहे. म्हणून ते पत्र, त्याच्या पाकिटासकट, जपून ठेवावे.

प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्यावा. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा समाधानकारक आले नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येते. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही, पण एक वर्षाची मुदत असते. जिल्हा ग्राहक आयोगाची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. प्रकरण एकदा आयोगापुढे गेले की लोकपाल ते हाती घेत नाहीत, म्हणून आधी लोकपाल हा क्रम मला योग्य वाटतो. याशिवाय यजमानांच्या बँक पासबुकात मे महिन्याच्या अखेरीस वीस रुपये वजा झाल्याची नोंद आहे का, ते आजच पाहावे. ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेची रक्कम असते आणि तिच्यात अपघाती मृत्यूसाठी दोन लाख रुपये मिळतात. वैयक्तिक अपघात विमा नुकसान मोजून भरपाई देणारा नसतो, त्यात ठरलेली रक्कम मिळते. त्यामुळे एका पॉलिसीच्या दाव्याने दुसऱ्या पॉलिसीचा हक्क बुडत नाही. या योजनेच्या अर्जाला उशीर झाला असेल तर उशिराचे कारण लिहून अर्ज करावा. अपरिहार्य कारणाने झालेल्या उशिरासाठी खरे दावे यांत्रिकपणे नाकारू नयेत, असे परिपत्रक विमा नियामकांनी २०११ सालीच काढलेले आहे.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ रात्री दुचाकीवरून घरी येताना मागून आलेल्या टेम्पोने धडक दिल्याने जागीच गेला. शवविच्छेदन अहवालात पोटातील अन्नाला मद्याचा वास येत असल्याचे लिहिले आहे. तेवढ्यावरून आईचा दावा नाकारला आहे. हे योग्य आहे का?
— एक वाचक, मोहोळ

उत्तर : ‘मद्याच्या अमलाखाली’ हे शब्द आणि ‘मद्याचा वास’ हे शब्द एक नव्हेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क अशी मर्यादा आहे. वासावरून ती मोजता येत नाही. व्हिसेरा (शवविच्छेदनात काढून ठेवलेले अवयवांचे नमुने) आणि रक्त राखून ठेवले असेल, तर रासायनिक पृथक्करणाचा अहवाल तपासी अंमलदारांकडून मागून घ्यावा. तो येण्याआधीच कंपनीने दावा नाकारला असेल, तर तो आपल्या बाजूचा ठळक मुद्दा आहे.

मात्र आपल्याला खोटा दिलासा देणे बरोबर नाही. २०२१ साली पर्ल बेव्हरेजेस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने रक्ततपासणी नसतानाही कंपनीच्या बाजूने निकाल दिला. तो वाहनाच्या नुकसानीचा दावा होता. दिल्लीत इंडिया गेटजवळ गाडी पदपथावर आदळून उलटली होती, आणि मद्याचा वास व अपघाताची तऱ्हा या दोन्ही गोष्टी एकत्र पाहून चालक अमलाखाली होता असा निष्कर्ष काढला गेला. आपल्या प्रकरणात अपघाताची तऱ्हा नेमकी उलट गोष्ट सांगते. भाऊ आपल्या बाजूने चालला होता, धडक मागून बसली आणि गुन्हा टेम्पोचालकावर नोंदवला आहे. तेव्हा घटनास्थळाचा नकाशा, दुचाकीच्या मागच्या बाजूचे नुकसान दाखवणारा आर.टी.ओ. तपासणी अहवाल आणि फिर्यादीची प्रत या तिन्हींना अर्जात पहिले स्थान द्यावे. चारित्र्याचे दाखले जोडण्यात वेळ घालवू नये.

टेम्पोच्या विमा कंपनीविरुद्ध मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे करायचा अर्ज हा पूर्णपणे वेगळा आहे. तो केला नसेल तर एक दिवसही न दवडता वकिलांना भेटावे, कारण कायद्यात त्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत लिहिलेली आहे.

प्रश्न : पतीने लग्नापूर्वी काढलेल्या अपघात पॉलिसीत सासऱ्यांचे नाव नॉमिनी म्हणून आहे. पती गेले. मला तीन वर्षांची मुलगी आहे. सासरे म्हणतात की नाव माझे आहे, तेव्हा पैसेही माझेच. कायदा काय सांगतो?
— एक वाचक भगिनी, कराड

उत्तर : नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा हात असतो, मालक असतोच असे नाही. हे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली सरबती देवी प्रकरणात सांगितले आणि शेअर्सच्या संदर्भात २०२३ साली शक्ती येझदानी प्रकरणात तोच विचार पुन्हा मांडला. हिंदू वारसा कायद्यानुसार पतीच्या पश्चात पत्नी, मुलगी आणि आई हे पहिल्या वर्गातील वारस आहेत. वडील दुसऱ्या वर्गात येतात. त्यामुळे मृत्युपत्र नसेल तर ही रक्कम आपण, आपली मुलगी आणि सासूबाई यांच्यात समान वाटली जायला हवी.

यात एक मेख आहे. आयुर्विमा पॉलिसीसाठी २०१५ साली विमा कायद्याचे कलम ३९ बदलले. आई-वडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर त्यांना लाभाचा हक्क मिळतो, अशी तरतूद त्यात आली. तिचा अर्थ उच्च न्यायालयांनी एकसारखा लावलेला नाही. म्हणून आपली पॉलिसी आयुर्विमा कंपनीची आहे, की सर्वसाधारण विमा कंपनीची स्वतंत्र अपघात पॉलिसी आहे, हे पहिल्या पानावर पाहून घ्यावे. वर दिलेले उत्तर दुसऱ्या प्रकारच्या पॉलिसीसाठी आहे.

कंपनीने नॉमिनीला पैसे दिले की तिची जबाबदारी संपते आणि पुढचा वाद घरातल्या घरात उरतो. तेव्हा कंपनीला आजच रजिस्टर पोस्टाने आपला व मुलीचा हक्क कळवावा. नुसत्या पत्राने कंपनी थांबेलच असे नाही, म्हणून दिवाणी न्यायालयात वारसा प्रमाणपत्राचा अर्ज करून मनाई हुकूम मागावा. त्याआधी सासूबाईंशी एकदा शांतपणे बोलावे. वाट्यात त्यांचेही नाव आहे, हे बहुधा त्यांना कोणी सांगितलेले नसेल.