वाचकांचे प्रश्न : कॉलेजची तयारी शाळेतूनच

प्रश्न : गरीब आणि अल्पसंख्य समाजगटांतील मुलांना कॉलेजसाठी व नोकरी-व्यवसायासाठी तयार करणारे कार्यक्रम अमेरिकेतील शाळांत चालतात. ते म्हणजे मागे पडलेल्या मुलांचे जादा तासच का? त्यांत कोणाला घेतात, आणि कार्यक्रम चांगला की नावापुरता हे कसे ओळखावे?

उत्तर : जादा तासांत राहून गेलेला अभ्यास भरून काढतात. या कार्यक्रमांतले उत्तम कार्यक्रम मात्र मुलाला मुळात अधिक कठीण वर्गात बसवतात आणि तिथे टिकण्यासाठी लागणारी मदत देतात. १९८० मध्ये सॅन डिएगोच्या क्लेअरमाँट हायस्कूलमधील इंग्रजीच्या शिक्षिका मेरी कॅथरिन स्वॉन्सन यांनी ‘अ‍ॅव्हिड’ हा असाच एक कार्यक्रम सुरू केला तो याच भूमिकेतून. शाळांतील वांशिक विभागणी मोडण्याच्या धोरणामुळे गरीब वस्त्यांतील मुले त्या शाळेत येऊ लागली, तेव्हा त्यांना सोप्या तुकडीत न ढकलता स्वॉन्सन यांनी कॉलेजच्या पूर्वतयारीचे विषय घ्यायला लावले आणि आधारासाठी वेळापत्रकातच एक तास राखून ठेवला.

या तासाला मूल अभ्यासात नेमके कुठे अडले ते लिहून आणते आणि फळ्यापाशी उभे राहून मांडते. गटातील सोबत्यांनी आणि मदतीला आलेल्या कॉलेजविद्यार्थ्याने उत्तर सांगायचे नसते. ‘ही पायरी कशावरून आली?’ असे प्रश्नच विचारायचे असतात. अडलेले चारचौघांत बोलून दाखवण्याची भीड इथे मोडते, आणि माझ्या मते या पद्धतीचे सर्वांत मोठे मोल तेच आहे, कारण घरात कॉलेजात गेलेले कोणी नसले की प्राध्यापकांकडे जाऊन शंका विचारता येते हेही मुलाला कोणी सांगितलेले नसते.

निवडीबाबत म्हणायचे तर ‘अ‍ॅव्हिड’ मधल्या फळीतील, मेहनतीची तयारी असलेली मुले घेते. १९६४ च्या इकॉनॉमिक ऑपॉर्च्युनिटी कायद्यातून आलेल्या ‘अपवर्ड बाउंड’ या सरकारी कार्यक्रमात किमान दोन तृतीयांश मुले कमी उत्पन्नाच्या आणि आई-वडिलांपैकी कोणीही पदवीधर नसलेल्या घरांतील असावी लागतात. त्याच्या दीर्घ पाहणीत, ज्यांनी आधी पदवीपर्यंत जाण्याची अपेक्षाच धरली नव्हती, त्या मुलांना अधिक लाभ झालेला दिसला. त्यामुळे केवळ उत्साही आणि हुशार मुले वेचून घेणे मला चुकीचे वाटते.

नोकरीच्या तयारीसाठी १९६९ मध्ये फिलाडेल्फियात सुरू झालेला ‘करिअर अकॅडमी’चा नमुना पाहावा. त्यात एकच तुकडी नेहमीच्या विषयांबरोबर एखादे व्यवसायक्षेत्र शिकते आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेते.

पारख करताना निकालापेक्षा उन्हाळ्याची चौकशी करावी. प्रवेश मिळालेली कित्येक मुले सत्र सुरू होईपर्यंत गळतात, कारण शाळा संपलेली असते, कॉलेज अजून सुरू झालेले नसते आणि आर्थिक मदतीची कागदपत्रे, वसतिगृहाचे अर्ज, शुल्काच्या मुदती हे सारे मुलावर एकट्यावर येऊन पडते. त्या महिन्यांत मुलाला फोन करणारी व्यक्ती कोण, हे कार्यक्रमाच्या चालकांना नाव घेऊन सांगता आले पाहिजे.