ऐकू आलं का? : मांडीवरचं कॉमिक आधी कपाटात ठेवा

प्रश्न : 'द सँडमन' ही कॉमिक मालिका मी कॉलेजात असताना अधाशासारखी वाचली होती. आता तिचं ध्वनिनाट्य ऐकतोय, अनेक कलाकारांनी मिळून केलेलं. जुने अंक मांडीवर उघडे ठेवून, एकेक चौकट बघत ऐकतो, पण रंगत काही येत नाही. आवाज पुढे निघून जातो आणि मी चित्रापाशीच अडकतो. त्यात तो निवेदक सारखा मध्ये येतो. समोर दिसतंय तेच कशाला सांगायचं? माझं नेमकं कुठे बिनसतंय?
– एक जुना वाचक

उत्तर : अंक कपाटात ठेवा. निम्मं दुखणं तिथेच बरं होईल.

कॉमिक वाचताना वेळ तुमच्या ताब्यात असतो. एखाद्या चौकटीवर तुम्ही वाटेल तितकं रेंगाळता, पुढचं पान सर्रकन उलटता, एखादा चेहरा पुन्हा बघायला चार पानं मागे येता. ध्वनिनाट्यात हा ताबा दिग्दर्शकाकडे जातो. तुम्ही दोघं एकाच वेळी गाडी हाकायला बसलात, तर ती चालणार कशी?

आता निवेदकाचं. हा आवाज मूळ लेखक नील गेमन यांचाच आहे. जुलै २०२० मध्ये आलेल्या या नाट्याचं रूपांतर आणि दिग्दर्शन डर्क मॅग्ज यांचं. मॅग्ज यांनी छापील अंकांवर भागवलं नाही, गेमन यांनी चित्रकारांसाठी लिहिलेल्या मूळ संहिताही हाताशी घेतल्या. कॉमिकचा लेखक चित्रकाराला पानोपानी सूचना देतो : खोली कशी आहे, उजेड कुठून येतोय, कोण कुणाकडे बघतंय. चित्र झालं की त्या सूचनांचं काम संपतं आणि वाचकाच्या नजरेला त्या कधी पडत नाहीत. तेव्हा निवेदकाच्या तोंडी येणारं सगळंच 'दिसतंय तेच' आहे असं समजू नका. त्यातलं काही चित्र काढायच्या आधीचं आहे. हे लक्षात ठेवून पहिला भाग पुन्हा ऐका, तो आवाज तितका खुपणार नाही.

शिवाय त्या पहिल्या भागाची अडचण बघा. कथा १९१६ पासून सुरू होते. नायक मॉर्फियस, म्हणजे स्वप्नांचा अधिपती, काचेच्या गोळ्यात कोंडलेला असतो आणि पकडणाऱ्यांशी एक शब्द बोलत नाही. कागदावर गप्प बसलेला माणूस दिसतो, आणि चांगलाच भेदक दिसतो. कानाला मात्र जो बोलत नाही तो खोलीत नाहीच! मी उमेदीची सगळी वर्षं श्रुतिकांमध्ये काढली. गप्प पात्र म्हटलं की आमच्या पोटात गोळा यायचा. कुणीतरी त्याचं नाव घ्यायला हवं, नाहीतर त्याने खोकायला तरी हवं. इथे निवेदक नसता तर त्या गोळ्यात कुणी बसलंय हे दर दोन मिनिटांनी पहारेकऱ्यांनाच एकमेकांना सांगावं लागलं असतं. वाईट रूपांतराची खूणच ती : "अरे, तू तर हातात पिस्तूल घेऊन दारातून आत आलास!" असलं काही ऐकलंत तर खुशाल बंद करा.

कॉमिकमध्ये मॉर्फियसचे संवाद काळ्या, वेड्यावाकड्या कडांच्या फुग्यात पांढऱ्या अक्षरांत येतात. अक्षरलेखक टॉड क्लाइन यांची ती करामत. बाकी बहुतेकांचे फुगे पांढरे, त्यामुळे पान उघडल्याबरोबर डोळा त्याच्याकडे जातो. ध्वनिनाट्यात ते काम जेम्स मॅकअव्हॉय यांच्या गळ्याकडे आलंय. आवाज खालच्या पट्टीतला, बोलण्याला घाई नाही. इतर पात्रं तावातावाने बोलत असतात तेव्हा हा आवाज वाढवतच नाही. माइकपुढे हे फार अवघड. माइकपासून किती अंतरावर उभं राहायचं हाच तिथला अर्धा अभिनय असतो. एक पाऊल मागे सरलात की पात्र दाराशी पोचलं, नुसती मान वळवलीत की ते दुसऱ्याच कुणाशी बोलायला लागलं.

आणि ही कसरत काही नवी नाही. सुपरमॅन कॉमिकमध्ये आला १९३८ साली, १९४० मध्ये तो अमेरिकन रेडिओवर होता. चित्रात क्लार्क केंटने, म्हणजे साध्या माणसाच्या वेषातल्या सुपरमॅनने, शर्ट उघडला की खालचा पोशाख दिसतो. रेडिओवर काय दाखवणार? बड कॉलियर या नटाने ते एका वाक्यात केलं. "हे काम तर..." इथपर्यंत क्लार्कचा पातळ, जरा बुजरा आवाज आणि "...सुपरमॅनचं!" म्हणताना तो खाडकन खाली, भारदस्त. पोशाख बदलला! 'अप, अप अँड अवे' ही आरोळीही रेडिओचीच. तो आता उडतोय, हे श्रोत्याला कळायला तर हवं. रेडिओने कॉमिककडून नुसतं घेतलं असंही नाही. सुपरमॅनची ताकद हिरावणारं क्रिप्टोनाइट रेडिओवर १९४३ मध्ये आलं, कॉमिकमध्ये १९४९ मध्ये. क्लार्कच्या वर्तमानपत्राचा संपादक पेरी व्हाइटही आधी रेडिओवर बोलला, मग कागदावर उमटला. ध्वनिनाट्य म्हणजे कॉमिकची चित्रं काढून घेतल्यावर उरलेला चोथा, असं मनात असेल तर ते काढून टाका.

सुरुवात आठव्या भागापासून करून बघा. तुम्हाला कथा ठाऊक आहे, क्रम मोडला तरी बिघडत नाही. मॉर्फियसची मोठी बहीण, म्हणजे साक्षात मृत्यू, त्याला बरोबर घेऊन ज्यांची घटका भरलीय त्यांच्याकडे जाते. गर्दी नाही, मारामारी नाही, बहीणभावाच्या गप्पा. या अंकाच्या नावातच तिच्या पंखांचा आवाज आहे. कागदावर तो फक्त शब्दांत होता. कॉलेजात वाचताना तुम्ही मनात कसला आवाज ऐकला होता ते आधी आठवा आणि मग बटण दाबा. पहिल्या पर्वात पहिले २० अंक साधारण ११ तासांत आहेत, म्हणजे अंकाला सरासरी अर्धा तास. आधी ऐका, अंक नंतर उघडा. मग चित्रांशी हवं तितकं भांडा.

प्रश्न : 'सँडमन' ऐकताना चार-पाच पात्रं बोलायला लागली की कोण कोण आहे ते कळत नाही. ब्रिटिश उच्चारही जड जातात.
– एक गृहिणी

उत्तर : ताई, मोबाइलच्या स्पीकरवर ऐकत असाल तर आधी ते थांबवा. असल्या नाट्यात पात्रांना डावी-उजवी जागा दिलेली असते, एक खिडकीपाशी, एक टेबलापलीकडे. छोट्या स्पीकरमध्ये ते सगळे एकावर एक चढतात. साधे हेडफोनही पुरतात, फक्त डावा-उजवा अदलाबदल करू नका. आणि प्रत्येकाचं नाव लक्षात ठेवायचा अट्टाहास नको. कोण कुणावर डाफरतंय एवढं कळलं की पुढचा प्रसंग तुम्हाला नाव सांगतो. उच्चारांचं म्हणाल, तर पहिलं पर्व हिंदीतही आहे : तब्बूचं निवेदन आणि विजय वर्मा मॉर्फियस. तिथून सुरू करायला काहीच हरकत नाही.

प्रश्न : बारा वर्षांच्या मुलीला सुपरहिरो आवडतात. तिला 'सँडमन' लावून देऊ का?

उत्तर : नको. कॉमिक म्हणजे मुलांचं, हा हिशोब इथे चालत नाही. सहाव्या अंकात एक माणूस एका उपाहारगृहातल्या लोकांची मनं ताब्यात घेऊन २४ तास त्यांचे हाल करतो. पुस्तकात ते पान पटकन उलटता येतं. ऐकताना पुढे सरकवायचं म्हटलं तरी कुठपर्यंत सरकवायचं हे कळत नाही, आणि ऐकणारी नेमकी किंकाळीच्या मध्यावर येऊन पडते. तिच्यासाठी जुन्या सुपरमॅनचे भाग शोधा. इंग्रजी सोपं आहे आणि दर भाग ऐन वेळी तोडलेला असतो, ती स्वतःच पुढचा मागेल.

प्रश्न : दीडपट वेगाने ऐकलं तर चालेल?

उत्तर : बातम्या खुशाल तशा ऐका, नाटक नको. नाटकात दोन वाक्यांमधला थांबाही कुणीतरी मोजून ठेवलेला असतो, आणि खाली संगीत चालू असतं ते वेगळंच. वेळ कमी असेल तर अर्धा भाग ऐका.