ब्रिटनचा आधुनिक सामाजिक इतिहास शिकायला तीन आठवड्यांच्या उन्हाळी कोर्सला जावं का?

तुम्ही विचारलंय की इतिहासात एमए झालंय, सुट्टीत इंग्लंडला जाऊन आधुनिक ब्रिटिश सामाजिक आणि सांस्कृतिक इतिहासाचा छोटा कोर्स करावा, की तेवढ्या पैशांत पुस्तकं घेऊन घरीच वाचावं. मी कॉलेजात इतिहास शिकवते आणि काही वर्षांपूर्वी लंडनमध्ये असाच तीन आठवड्यांचा कोर्स केलाय. माझ्या मते जरूर जा. मात्र राजेराण्या, पंतप्रधान आणि महायुद्धांचा क्रम पक्का करायला जाणार असाल तर पैसे घालवू नका, त्याला पुस्तकं पुरतात.

पहिल्या दिवशी आमच्या बाईंनी व्याख्यान दिलंच नाही. टेबलावर एक जुनं रेशनबुक ठेवलं आणि म्हणाल्या, यावरून काय काय कळतं ते सांगा. मळकट पिवळसर कव्हर, आत चौकोनी कुपनं, काहींवर दुकानदाराने पेन्सिलीने मारलेल्या फुल्या. वर्गातले बरेच जण लगेच दुसऱ्या महायुद्धाबद्दल बोलायला लागले. मला मात्र आमच्या आजीचं रेशनकार्ड आठवलं. मी विचारलं, हे पुस्तक कुठल्याही दुकानात चालायचं का? नाही चालायचं. आपल्याकडे पूर्वी असायचं तसंच ठरलेल्या दुकानदाराकडे नाव नोंदवावं लागायचं. मग चर्चेची गाडी वळलीच. दुकानदाराशी बिनसलं तर घरच्या बाईने काय करायचं? रांगेत कोण उभं राहायचं? दिवसभर कारखान्यात काम करणारीने रांग कधी लावायची? गरोदर बायकांची आणि पाच वर्षांखालच्या मुलांची पुस्तकं हिरव्या रंगाची असत, म्हणजे दूध-फळं आधी कोणाला द्यायची हे सरकारने ठरवलं होतं. एका पुस्तकावर आमचे दोन तास गेले.

तारखा इथे फार बोलक्या आहेत. रेशनिंग सुरू झालं जानेवारी 1940 मध्ये. युद्ध 1945 ला संपलं, पण मांसावरचं रेशन उठायला जुलै 1954 उजाडलं. पाव तर युद्ध चालू असताना रेशनवर नव्हताच. तो आला युद्ध जिंकल्यावर, 1946 च्या जुलैत, आणि दोन वर्षं राहिला. 5 जुलै 1948 ला सर्वांना मोफत उपचार देणारी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, तेव्हा पाव अजून कुपनावरच मिळत होता. हे वाक्य मी आज वर्गात सांगते तेव्हा मुलं लिहायचं थांबून वर बघतात.

दुसरी गोष्ट 'मास ऑब्झर्व्हेशन'ची. 1937 साली काही लोकांनी ठरवलं की सामान्य माणसांचं रोजचं जगणं त्यांच्याच शब्दांत नोंदवून ठेवायचं. देशभरातल्या स्वयंसेवकांना प्रश्न पाठवले जायचे. सुरुवातीच्या प्रश्नांमधला एक होता, तुमच्या घरात भिंतीतल्या शेकोटीच्या वरच्या फळीवर काय काय ठेवलंय त्याची यादी करा. घड्याळ, फोटो, मेणबत्त्या, न भरलेली बिलं. आपल्या हॉलमधल्या शोकेसची अशी यादी 1937 साली कोणी केली असती तर आज आपल्याला किती कळलं असतं, हा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही. हे सगळे कागद ससेक्स विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. कोर्सच्या वेळापत्रकात तिकडची फेरी नसेल तर एक सुट्टीचा दिवस त्यासाठी ठेवा.

आपण तिथे परके म्हणून जातो, पण त्या इतिहासात आपली माणसं आहेत. उत्तर-पश्चिम लंडनमध्ये डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळ आहे. 1932 पासूनची संस्था. मी एका रविवारी तिथे गेले, मग पायीच जवळच्या चॅप्टर रोडवर गेले. इथे ग्रनविक नावाची फोटो धुऊन देणारी कंपनी होती. लोक सहलीचे रोल पोस्टाने पाठवायचे, फोटो पोस्टाने परत यायचे. कामाला बहुतेक पूर्व आफ्रिकेतून आलेल्या आशियाई बायका. ऑगस्ट 1976 मध्ये जयाबेन देसाई आणि सोबतचे कामगार बाहेर पडले आणि संप जवळजवळ दोन वर्षं चालला. पुढच्या उन्हाळ्यात गोरे खाणकामगार या साडीतल्या बायकांच्या बाजूने गेटवर उभे राहिले, जवळच्या क्रिकलवुडच्या पोस्टमननी कंपनीची टपाल उचलायला नकार दिला. संप हरला. गिरणी संपाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला त्या साध्या रस्त्यावर उभं राहून जे वाटतं, ते पुस्तकात मिळत नाही.

पूर्व लंडनमधल्या ब्रिक लेनची मशीदही बघा. 1743 मध्ये फ्रान्समधून आलेल्या प्रोटेस्टंट निर्वासितांनी बांधलेलं चर्च, 1898 मध्ये ज्यूंचं सिनेगॉग, 1976 पासून मशीद. इमारत तीच. बाबासाहेब 1921-22 मध्ये राहिले ते किंग हेन्रीज रोडवरचं घर तर तुम्ही चुकवणार नाहीच.

व्हिसाची फार काळजी नको. सहा महिन्यांच्या आतला कोर्स मान्यताप्राप्त संस्थेत असेल तर साधा व्हिजिटर व्हिसा चालतो. खर्च मात्र लाखांत जातो, त्यामुळे शिष्यवृत्तीची चौकशी अर्ज करतानाच करा. आणि वाचनाची यादी आली की ती खरंच वाचून जा. तिथे सेमिनारमध्ये दहा-बारा जण गोल बसतात आणि शिक्षक गप्प राहतात. मी पहिल्या आठवड्यात दोन लेख न वाचता गेले होते. तो दिवस पूर्ण वाया गेला, आणि एकूण पंधराच दिवस वर्गाचे होते.

जुन्या कागदपत्रांच्या संग्रहांच्या वाचनकक्षात जागा आणि हवे ते कागद आधी नोंदवावे लागतात, तेव्हा ते इथूनच करून ठेवा. सोबत शिसपेन्सिल न्या, पेन आत नेऊ देत नाहीत. आणि घरात आजी-आजोबांचं जुनं रेशनकार्ड सापडलं तर त्याचा फोटो काढून न्या. वर्गात दाखवा.